विश्लेषण : शोपँ, देलाक्रुआ, फ्लोबेर... सगळे एकाच घरी का येत? जॉर्ज सँड यांच्या नोआंची गोष्ट

पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे ३०० किलोमीटरवर, बेरी प्रांतात नोआं नावाचे एक लहानसे खेडे आहे. तिथे चर्चजवळच्या चौकाला लागून अठराव्या शतकातले एक ऐसपैस पण साधे घर उभे आहे. फ्रेडरिक शोपँ यांनी आपल्या सर्वोत्तम रचनांपैकी कित्येक याच घराच्या वरच्या मजल्यावर लिहिल्या. युजीन देलाक्रुआ यांनी इथे चित्रे काढली, फ्रांझ लिस्ट यांनी इथे पियानो वाजवला. बाल्झॅक इथून कादंबरीचे कथानक घेऊन गेले. फ्लोबेर आणि तुर्गेनेव्ह यांनी इथल्या कळसूत्री बाहुल्यांचे खेळ पाहिले. या सगळ्यांची यजमान एकच होती, लेखिका जॉर्ज सँड. ८ जून १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. २०२६ मध्ये त्याला दीडशे वर्षे होत आहेत. नोआंची आठवण बहुतेक वेळा शोपँ यांच्यामुळे निघते. पण हे घर सँड यांच्या हातात राहिले कसे, ही गोष्ट अधिक वेधक आहे. कारण एकदा ते जवळजवळ गेलेच होते.

घर मुळात कोणाचे?

सँड यांचे जन्मनाव ऑरोर द्युपँ. जन्म पॅरिसचा, १ जुलै १८०४ चा. वडील मॉरिस द्युपँ नेपोलियनच्या सैन्यात अधिकारी होते आणि त्यांच्या आईकडून रक्ताचे नाते थेट पोलंडचा राजा ऑगस्टस याच्यापर्यंत पोहोचत होते, अर्थात अनौरस संततीच्या वाटेने. ऑरोरची आई सोफी मात्र पॅरिसमध्ये पक्षी विकणाऱ्याची मुलगी. एका घरात दोन टोकांचे समाज नांदत होते आणि त्यांचे पटत नव्हते.

नोआंचे घर आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, १७९३ मध्ये विकत घेतले होते. फ्रान्समध्ये तेव्हा क्रांतीची धामधूम होती. राजधानीपासून दूर, शेतीवाडीत राहणे तिला सुरक्षित वाटले. १८०८ मध्ये मॉरिस द्युपँ घोड्यावरून पडून मरण पावले. ऑरोर तेव्हा चार वर्षांची होती. त्यानंतर सासू-सुनेचा संघर्ष टोकाला गेला. अखेर आजीने सुनेला वार्षिक रक्कम बांधून दिली आणि नात स्वतःकडे ठेवून घेतली. आई पॅरिसला गेली. मुलीचा ताबा पैशांच्या बदल्यात सुटला, असे सरळ म्हणायला हरकत नाही. ऑरोरच्या मनातून ते कधी गेले नाही.

त्यानंतरचे तिचे बालपण विचित्र पण मोकळे होते. सकाळी घरातल्या वयस्क शिक्षकाकडे लॅटिन आणि दुपारी शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर रानात हुंदडणे. मधली दोनेक वर्षे ती पॅरिसमधल्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकली. परतल्यावर आजीची सेवा, घोडेस्वारी आणि वाचन. डिसेंबर १८२१ मध्ये आजी गेली आणि सतरा वर्षांची ऑरोर नोआंची वारस झाली.

मग घर गेले कसे?

लग्नामुळे. सप्टेंबर १८२२ मध्ये तिने कॅझिमीर द्युदवाँ या माजी सैनिकी अधिकाऱ्याशी विवाह केला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर कॅझिमीर घरजावई म्हणून नोआंला आले. फरक इतकाच, की तिथल्या कायद्याने घरजावईच कारभारी ठरत असे. नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेनुसार पत्नीने पतीची आज्ञा पाळायची होती आणि तिच्या मालमत्तेची व्यवस्था पतीच्या हाती जात होती. त्याच्या संमतीशिवाय तिला व्यवहार करता येत नसत. घटस्फोटाची सोय क्रांतीच्या काळात झाली होती, पण १८१६ मध्ये ती रद्द झाली. पुन्हा आली ती थेट १८८४ मध्ये, म्हणजे सँड यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

१८२३ मध्ये मुलगा मॉरिस आणि १८२८ मध्ये मुलगी सोलाँज जन्मली. कॅझिमीर यांना शिकारीत आणि दारूत रस होता. पत्नीच्या वाचनात, संगीतात अजिबात नव्हता. १८३० च्या अखेरीस ऑरोर यांना पतीच्या टेबलात एक पाकीट सापडले. मृत्यूनंतर उघडावे, असे त्यावर लिहिले होते. त्यांनी ते तिथेच उघडले. आत होता पत्नीविषयीचा राग आणि तिरस्कार. त्याच दिवसांत त्यांनी निर्णय घेतला. वर्षातला काही काळ पॅरिसमध्ये स्वतंत्र राहायचे, काही काळ नोआंला मुलांजवळ यायचे आणि स्वतःच्याच मालमत्तेतून स्वतःला एक ठरावीक रक्कम घ्यायची. पतीने हे मान्य केले. जानेवारी १८३१ मध्ये त्या पॅरिसला गेल्या.

ऑरोरची जॉर्ज कधी झाली?

पॅरिसमध्ये मिळणारी रक्कम पुरत नव्हती, म्हणून त्या लिहू लागल्या. सोबत होते तरुण लेखक ज्यूल सांदो. दोघांनी मिळून एक कादंबरी लिहिली आणि सांदो यांच्या आडनावाचे पहिले अक्षरगट घेऊन लेखक म्हणून ज्यू. सँड असे नाव छापले. १८३२ मध्ये ऑरोर यांनी एकटीने ‘इंदियाना’ लिहिली. निष्प्रेम लग्नात अडकलेल्या स्त्रीची ही कथा गाजली आणि तिच्यासोबत जॉर्ज सँड हे नावही. पुरुषी कपड्यांचा त्यांचा किस्सा सर्वांना ठाऊक असतो. त्यामागे बंडखोरी होतीच, पण हिशेबही होता. जाड कापडाचा कोट आणि मजबूत बूट स्वस्त पडत, चिखलात टिकत आणि नाट्यगृहात स्त्रियांना मज्जाव असलेल्या स्वस्त जागांवर बसता येई.

कवी आल्फ्रेद द म्युसे यांच्याबरोबरचे प्रेम आणि व्हेनिसचा वादळी प्रवास यांवर पुस्तकेच्या पुस्तके निघाली आहेत. इथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

न्यायालयात काय झाले?

ऑक्टोबर १८३५ मध्ये नोआंच्या घरात, पाहुण्यांसमोर, कॅझिमीर यांचा तोल गेला. त्यांनी पत्नीवर हात उगारला आणि नंतर बंदुकीकडे धाव घेतली. साक्षीदार होते. सँड यांनी बुर्ज शहरातले नामवंत प्रजासत्ताकवादी वकील मिशेल यांच्यामार्फत विभक्ततेचा दावा लावला. घटस्फोट शक्य नव्हता; वेगळे राहण्याचा आणि मालमत्ता वेगळी करण्याचा हक्क तेवढा मागता येत होता.

खटला धोक्याचा होता. वादी स्त्री उघडपणे परपुरुषांबरोबर राहिलेली आणि तिच्या कादंबऱ्या विवाहसंस्थेवर टीका करणाऱ्या. विरुद्ध बाजूने हे सगळे मांडले गेले. ला शात्र गावातल्या न्यायालयाचा निकाल सँड यांच्या बाजूने लागला, पतीने अपील केले आणि जुलै १८३६ मध्ये बुर्ज इथे तडजोड झाली. नोआं सँड यांना परत मिळाले. पॅरिसमधल्या एका मालमत्तेचे उत्पन्न कॅझिमीर यांच्याकडे गेले. तरी कटकट संपली नव्हती. पुढच्याच वर्षी कॅझिमीर यांनी नऊ वर्षांच्या सोलाँजला नोआंहून उचलून नेले. सँड सरकारी अधिकाऱ्याला घेऊन नवऱ्याच्या गावी गेल्या आणि मुलीला परत घेऊन आल्या.

म्हणजे कलावंतांचे नोआं सुरू होते ते इथून, बत्तीस वर्षांच्या स्त्रीने स्वतःचेच घर खटला लढून मिळवल्यानंतर.

पाहुणे तिथे करत काय?

पहिले मोठे पाहुणे फ्रांझ लिस्ट आणि त्यांच्या जोडीदार मारी दागू. १८३७ च्या उन्हाळ्यात ते इथे राहिले. लिस्ट तेव्हा बेथोव्हेनच्या सिम्फनी पियानोसाठी उतरवण्याचे काम करत होते. ते वाजवत आणि सँड लिहीत. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८३८ अखेरीस, बाल्झॅक आले. दोघे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत गप्पा मारत. सँड यांनी त्यांना हुक्का ओढायला शिकवले आणि लिस्ट-दागू यांच्या प्रेमाची हकीकत सांगितली. ती आपण स्वतः लिहू शकत नाही, तुम्ही लिहा, असा त्यांचा मथितार्थ होता. त्यातून बाल्झॅक यांची ‘बेआत्रिक्स’ कादंबरी झाली आणि त्यात खुद्द सँड यांच्यावर बेतलेले एक पात्रही आले. मैत्रिणीचे गुपित असे परस्पर देऊन टाकणे काही शोभणारे नव्हते. दागू यांच्याशी मैत्री त्यानंतर टिकली नाही.

घराचा एक दिनक्रम होता. सकाळी आणि दुपारी पाहुण्यांवर कसलेच बंधन नसे. कोणी फिरायला जाई, कोणी खोलीत काम करी. संध्याकाळच्या जेवणाला मात्र सर्वांनी एकत्र यायचे. नंतर दिवाणखान्यातल्या मोठ्या टेबलाभोवती वाचन, संगीत, पत्ते, शिवणकाम. मध्यरात्रीच्या सुमारास सगळे झोपायला गेले की सँड लिहायला बसत आणि पहाटेपर्यंत लिहीत. हा त्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता. पन्नासहून अधिक कादंबऱ्या, नाटके, आत्मचरित्र आणि हजारो पत्रे या रात्रींतून आली. हौस म्हणून नव्हे. जमिनीच्या उत्पन्नात एवढ्या पाहुण्यांचे भागत नसे. स्वयंपाकघर, नोकरचाकर, घोडे, गावातल्या गरजूंना मदत, मुलांचे खर्च हे सारे लेखणीवर चाले.

याचा एक पुरावा बोलका आहे. १८४० मध्ये सँड यांचे ‘कोझिमा’ हे नाटक पॅरिसमध्ये साफ पडले. पैशांची चणचण झाली आणि त्या वर्षी नोआंचा उन्हाळाच रद्द करावा लागला, कारण पॅरिसमध्ये राहणे नोआंला घर उघडून बसण्यापेक्षा स्वस्त होते.

शोपँ यांच्यासाठी हे घर महत्त्वाचे का?

सँड आणि शोपँ १८३८ मध्ये एकत्र आले. त्या वर्षीचा हिवाळा मायोर्का बेटावर गेला आणि तिथल्या दमट हवेने शोपँ यांची छाती अधिकच बिघडली. जून १८३९ मध्ये ते पहिल्यांदा नोआंला आले. त्यानंतर १८४० वगळता १८४६ पर्यंतचे सगळे उन्हाळे, एकूण सात, त्यांनी इथे काढले.

पॅरिसमध्ये शोपँ यांचा दिवस शिकवण्या आणि मैफलींच्या घरांत जाई. रचनेला वेळ मिळे तो नोआंला. त्यांच्या खोलीला आवाज अडवणारी, आतून गादी लावलेली दुहेरी दारे बसवली होती. प्लेएल कंपनीचा पियानो येई. ए फ्लॅट मेजरमधला प्रसिद्ध पोलोनेझ, चौथा बॅलाड, बी मायनर सोनाटा, बार्कारोल, चेलो सोनाटा या रचनांचे सगळे किंवा बरेचसे काम इथले. सँड यांनी नंतर लिहून ठेवले, की सूर त्यांना सहज सुचत, पण ते कागदावर उतरवताना यातना होत. एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत, खोडत, टाक मोडत, दिवसचे दिवस खोलीत कोंडून घेत. शोपँ यांना खेड्याची खरी आवड नव्हती. काही आठवड्यांतच कंटाळा येई. तरीही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत फलद्रूप वर्षे तीच आहेत. नियमित जेवण, काळजी घेणारे माणूस आणि दाराला गादी. प्रतिभेला लागते ते बहुतेक वेळा इतके साधे असते, पण ते कोणीतरी पुरवावे लागते.

देलाक्रुआ पहिल्यांदा आले १८४२ च्या जूनमध्ये. मॉरिस त्यांचा विद्यार्थी होता. त्यांच्यासाठी घरातच काम करायची जागा तयार केली. आराम करायला आलेल्या चित्रकाराला चैन पडेना. सोबत कॅनव्हास नव्हता, तेव्हा घरातलेच कापड ताणून त्यांनी संत ॲनकडून शिकणाऱ्या बाल मेरीचे चित्र काढले. त्यासाठी घरची मोलकरीण आणि एक लहान मुलगी बसली. बागेवर उघडणाऱ्या खिडकीतून शोपँ यांचे सूर, बुलबुलांचे गाणे आणि गुलाबांचा वास एकत्र येतो, असे त्यांनी मित्राला कळवले. शोपँ आणि देलाक्रुआ तासन्‌तास बोलत. गंमत अशी, की देलाक्रुआ यांना शोपँ यांचे संगीत अतिशय प्रिय होते, शोपँ यांना मात्र मित्राची चित्रे फारशी रुचत नसत.

गायिका पोलीन व्हियार्दोही अनेकदा आल्या. त्या आणि शोपँ मिळून जुने संगीत वाचत, बेरीच्या शेतकऱ्यांची नाचाची गाणी ऐकत. सँड यांच्या ‘कोन्स्युएलो’ या कादंबरीची नायिका व्हियार्दो यांच्यावरूनच घडली.

बिनसले कुठे?

घरातच. मॉरिस वयात आला तसा शोपँ यांच्याशी त्याचा खटका उडू लागला. १८४६ मध्ये सँड यांची ‘लुक्रेझिया फ्लोरियानी’ आली. तिच्यातला मत्सरी, आजारी राजपुत्र म्हणजे शोपँ, असे पॅरिसने लगेच ताडले. सँड नाकारत राहिल्या. त्यांचे नाकारणे पटणारे नाही.

मे १८४७ मध्ये सोलाँजने शिल्पकार ओग्युस्त क्लेसँजे यांच्याशी लग्न केले. क्लेसँजे कर्जबाजारी निघाले. दोनच महिन्यांत नोआंच्या घरात पैशांवरून मारामारी झाली. क्लेसँजे यांनी मॉरिसवर हातोडी उगारली, सँड मध्ये पडल्या आणि त्यांनाही मार बसला. मुलगी-जावयाला त्यांनी घराबाहेर काढले. सोलाँजने पॅरिसला जाण्यासाठी, नोआंला ठेवलेली शोपँ यांची घोडागाडी मागितली. शोपँ यांनी ती दिली. सँड यांच्या लेखी हा पक्ष घेण्याचा प्रकार होता. नऊ वर्षांचे नाते एका गाडीवरून तुटले असे म्हणणे सोपे आहे. खरे तर ते आधीच विरत आले होते. मार्च १८४८ मध्ये दोघे पॅरिसमध्ये एका जिन्याजवळ योगायोगाने भेटले, दोन शब्द बोलले आणि परत कधी भेटले नाहीत. ऑक्टोबर १८४९ मध्ये शोपँ गेले. त्यांच्या थडग्यावरचे शिल्प क्लेसँजे यांनी केले.

शोपँ यांना लिहिलेली सँड यांची पत्रे पुढे १८५१ मध्ये धाकट्या अलेक्झांडर द्युमा यांना पोलंडच्या सीमेवर सापडली. त्यांनी ती सँड यांना आणून दिली. सँड यांनी ती जाळली. त्यामुळे या नात्याची त्यांची बाजू आपल्याला त्यांच्या आत्मचरित्रातूनच, म्हणजे नंतर नीटनेटकी केलेली, मिळते.

त्यानंतर नोआं रिकामे झाले का?

उलट. मात्र आधी एक कठीण काळ आला. फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीत सँड पॅरिसला धावल्या आणि नव्या प्रजासत्ताक सरकारची पत्रके लिहू लागल्या. काही महिन्यांत आशा मावळली आणि त्या नोआंला परतल्या. आसपासच्या गावांत त्यांना कम्युनिस्ट ठरवून धमक्या दिल्या जात होत्या. डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावली, अनेक मित्र तुरुंगात गेले. तेव्हा सँड स्वतः त्याला भेटल्या आणि कैद्यांसाठी रदबदली केली. काही प्रजासत्ताकवादी मित्रांना हे रुचले नाही. सुटलेल्यांना रुचले असावे.

याच वर्षांत घरात छोटे नाट्यगृह उभे राहिले. पाहुणे, मुले, शेजारी सगळे रंगमंचावर. पॅरिससाठीची नाटके सँड आधी इथे करून पाहत. शेजारीच मॉरिसचा बाहुल्यांचा रंगमंच होता. तो लाकडात डोकी कोरायचा आणि त्यांचे कपडे शिवायची त्याची आई, युरोपभर वाचली जाणारी लेखिका.

मॉरिसचा मित्र म्हणून आलेले कोरीवकाम करणारे अलेक्झांडर मांसो १८५० पासून सँड यांचे सोबती झाले. ते सँड यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. रोज कोण आले, हवा कशी होती, रात्री काय खेळले, याची टिपणे त्यांनी वहीत ठेवली. नोआंच्या दैनंदिन जीवनाची आज जी माहिती आहे, त्यातली बरीच या वह्यांतून येते. मॉरिसला हेही सहन झाले नाही. १८६४ मध्ये मांसो यांनी घर सोडावे, अशी वेळ त्याने आणली. १८४७ मध्ये मुलाची बाजू घेणाऱ्या सँड यांनी या वेळी वेगळे केले. साठीच्या उंबरठ्यावर, खटला लढून मिळवलेले घर मुलाकडे सोपवून त्या क्षयाने आजारी मांसो यांच्यासह पॅरिसजवळच्या पालेझो गावी राहायला गेल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये मांसो गेले आणि सँड कालांतराने नोआंला परतल्या.

अखेरची वर्षे कशी होती?

आता त्या दोन नातींच्या आजी होत्या. मुरंबे घालणे, वनस्पती गोळा करणे, नातींना शिकवणे आणि रात्री लेखन. फ्लोबेर यांच्याशी त्यांची दाट मैत्री झाली ती याच काळात. दोघे वाङ्मयाबाबत एकमेकांशी क्वचितच सहमत असत. फ्लोबेर १८६९ च्या नाताळात आणि पुन्हा एप्रिल १८७३ मध्ये नोआंला आले. दुसऱ्या खेपेला तुर्गेनेव्हही होते. शब्दाशब्दाला रक्त आटवणारा हा लेखक इथे बाहुल्यांच्या खेळावर खळखळून हसला आणि एकदा बायकी पोशाख चढवून नाचलाही.

८ जून १८७६ रोजी आतड्याच्या विकाराने, दहा दिवसांच्या असह्य वेदनांनंतर सँड यांचे नोआंला निधन झाले. १० तारखेला पावसात अंत्यविधी झाला. चर्चचा विधी व्हावा, हा सोलाँजचा आग्रह मित्रांना पटला नव्हता. फ्लोबेर, द्युमा, अर्नेस्ट रेनाँ पॅरिसहून आले होते. व्हिक्टर ह्यूगो यांनी पाठवलेला संदेश वाचला गेला. चिखलात गुडघे टेकून बसलेले बेरीचे शेतकरी मात्र त्यातल्या शब्दांपेक्षा बाईंना ओळखत होते. घराच्या आवारातल्या छोट्या कौटुंबिक दफनभूमीत, आजीच्या आणि वडिलांच्या जवळ, त्यांना पुरले.

नात ऑरोरने १९५२ मध्ये हे घर फ्रेंच सरकारला दिले. १९६१ पासून ते लोकांसाठी खुले आहे. जेवणाचे टेबल मांडलेले असते, मॉरिसच्या बाहुल्या काचेमागे आहेत. शोपँ यांची खोली मात्र सँड यांनी नंतर मोडून टाकली. तिची गादी लावलेली दारे तेवढी आहेत.